कापसाला नीळ लागू नये म्हणून: मिररलेससाठी रंग चोख ठेवणाऱ्या पाच प्राइम लेन्स

मागच्या हंगामात वेचणी सुरू झाली त्या आठवड्यात मी फुटलेल्या बोंडांचे फोटो काढले. सकाळचे दहा, ऊन समोरून, पऱ्हाटी छातीपर्यंत, आणि कॅमेऱ्यावर ८५ मिमी एफ १.८ लेन्स पूर्ण उघडी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं झकास दिसलं. तोच फोटो तीन फूट रुंद फ्लेक्सवर छापून आला, तेव्हा वेचणीला येणाऱ्या एका मावशी जवळ गेल्या, निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "कापसाले नीळ देल्ली का, भाऊ?"

खरंच होतं. समोरच्या बोंडांच्या कडेला जांभळट रेघ होती आणि मागच्या बोंडांना हिरवट छटा. ज्या बाईनं जन्मभर कापूस हातात घेतला तिला तो रंग खोटा आहे हे लगेच कळलं, आणि मला तो फोटो काढताना कळला नव्हता. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. मिररलेस (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्याची) बॉडी हाताशी आहे, आता एकच चांगली प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घ्यायची आहे आणि पैसे जपून खर्च करायचे आहेत, अशांसाठी हे लिहितो आहे.

आधी ही किनार येते कुठून ते पाहू. काच सगळ्या रंगांना सारखं वाकवत नाही. निळा जास्त वाकतो, लाल कमी, त्यामुळे प्रत्येक रंग थोड्या वेगळ्या अंतरावर फोकस होतो. साध्या रचनेत दोन रंग एका जागी आणतात, अपोक्रोमॅटिक म्हणजे 'अपो' रचनेत तीन. जर्मनीतल्या येनाच्या एर्न्स्ट अॅबे यांनी सूक्ष्मदर्शकासाठी हे करून दाखवलं आणि झाइस कंपनीनं १८८६ मध्ये तशी भिंगं बाजारात आणली. त्यात फ्लोराइट वापरलं होतं. आजच्या कॅमेरा लेन्समध्ये बहुतेक वेळा तेच काम खास एडी काच (रंग कमी फाकवणारी) करते. मात्र लेन्सवर 'अपो' छापायला कुठलं सक्तीचं मानक नाही. त्यामुळे नावावर भाळू नका आणि नाव नाही म्हणून लेन्स बाजूलाही ठेवू नका.

किनारीचे दोन प्रकार आहेत आणि खरेदीचा निर्णय त्यावरच ठरतो. एक फ्रेमच्या कोपऱ्यांत दिसते, लाल-निळ्या जुळ्या रेघेसारखी. ती सॉफ्टवेअर एका टिचकीत काढतं. तिच्यासाठी महाग लेन्स घेऊ नका. दुसरी फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी येते, फ्रेमच्या मधोमधसुद्धा. कापसाला लागलेली नीळ ती हीच. सॉफ्टवेअरमधली किनार पुसणारी 'डीफ्रिंज'ची पट्टी सरकवली की ती फिकी पडते, पण सोबत खरा जांभळाही जातो. वेचणाऱ्या बाईच्या लुगड्याचा जांभळा काठ माझ्या एका फोटोत राखाडी झाला. वांग्याच्या फुलाचंही तेच. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, बंद करत गेलं की ही किनार कमी होते हे खरं. पण मग मागची पऱ्हाटी धूसर होत नाही आणि सगळी काटकी-काटकी दिसू लागते.

माझी खरी झुंज लागली ती फॉइग्टलेंडर ६५ मिमी एफ २ मॅक्रो अपो-लँथर आणि सिग्मा १०५ मिमी एफ २.८ डीजी डीएन मॅक्रो आर्ट यांच्यात.

फॉइग्टलेंडर हे नाव जर्मन, पण आजच्या लेन्स जपानची कोसिना बनवते. ही ६५ मिमी सोनी ई माउंटसाठी (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते तो सांधा) २०१७ मध्ये आली. वजन ६२५ ग्रॅम, अंग धातूचं, फोकस फक्त हातानं. समोरून ऊन असताना एफ २ वर कापसाचा तंतू न् तंतू पांढराच राहतो. पुढचं बोंड, मागचं बोंड, कुठेच रंग चढत नाही. इतकी स्वच्छ लेन्स मी दुसरी हाताळलेली नाही. विजेचे संपर्क असल्यामुळे फोकसची कडी फिरवली की पडद्यावरचं चित्र आपोआप मोठं होतं, आणि बॉडीतल्या स्थिरीकरणाला फोकल लांबी सांगत बसावं लागत नाही. वावरात एका हातानं पऱ्हाटी बाजूला धरून दुसऱ्या हातानं काम करताना ही सोय किती मोठी आहे ते कळतं.

तिची मर्यादा एकच, पण मोठी. ती वस्तूच्या निम्म्या आकारापर्यंतच जाते. गुलाबी बोंडअळी पूर्ण वाढली की साधारण १२ मिमीची असते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद. म्हणजे या लेन्सवर अळी फ्रेमच्या सहाव्या भागात मावते, सिग्मावर एक-तृतीयांशात. डोमकळी (अळी लागून न उमललेलं फूल) उघडून आतली अळी दाखवायची असेल तर हा फरक मोठा आहे. कृषी सहायकाला पाठवायच्या फोटोत अळी ओळखू आली पाहिजे, नुसती गुलाबी रेघ दिसून भागत नाही.

सिग्मा २०२० मध्ये आली. ७१५ ग्रॅम, सोनी ई आणि एल माउंट, ऑटोफोकस, धूळ आणि पाण्याचे शिंतोडे अडवणारी बांधणी. नावात अपो नाही. फोकसच्या मागेपुढे अगदी बारकाईनं पाहिलं तर रंगाची पुसट छटा सापडते, फ्लेक्सवर ती कुणाला दिसणार नाही. काळ्या मातीची धूळ फेब्रुवारीनंतर कुठे कुठे शिरते हे विदर्भात राहणाऱ्याला सांगायला नको. फॉइग्टलेंडरला अशी बांधणी नाही, त्यामुळे ती घेऊन मी थ्रेशरच्या आसपास फिरकत नाही. बाजारात आली तेव्हा सिग्माची किंमत ७९९ डॉलर होती. फॉइग्टलेंडर हजार डॉलरच्या घरात. इथे येईपर्यंत त्यावर कर चढतो तो वेगळा.

या दोघींत एकच निवडायची तर शेती, किडी, पिकं आणि थोडीफार लग्नं करणाऱ्यानं सिग्मा घ्यावी. ज्याला फक्त पऱ्हाटी, माणसं आणि निवांत प्रकाश टिपायचा आहे, आणि फोकस हातानं करण्यात ज्याचा जीव रमतो, त्यानं फॉइग्टलेंडर घ्यावी. मी स्वतः फॉइग्टलेंडर ठेवली, कारण माझं काम कापसाचं आहे.

किडींसाठी तिसरा पर्याय लाओवा ९० मिमी एफ २.८ अल्ट्रा मॅक्रो अपो. ही २०२२ ची. वजन ६१९ ग्रॅम, आणि ती वस्तूच्या दुप्पट आकारापर्यंत जाते. तीच १२ मिमीची अळी इथे फ्रेमचा दोन-तृतीयांश भाग व्यापते. सोनी ई, निकॉन झेड, कॅनन आरएफ आणि एल अशा चारही माउंटवर मिळते, म्हणून कॅनन-निकॉनवाल्यांनी आधी हिच्याकडे पाहावं. आली तेव्हा ४९९ डॉलर होती, म्हणजे पैशांच्या मानानं सर्वात उजवी. मात्र फोकस हातानं, अॅपर्चर हातानं आणि विजेचा संपर्क काहीच नाही. स्थिरीकरणासाठी ९० हा आकडा मेन्यूत स्वतः भरावा लागतो. विसरलात तर फोटो हलतो आणि दोष लेन्सला जातो.

दुप्पट आकारात अपोचं मोल का वाढतं तेही सांगतो. इतकं जवळ गेलं की अॅपर्चर त्याच्या आकड्यापेक्षा खूपच बारीक वागतं. एफ २.८ साधारण एफ ८ सारखं आणि एफ ८ साधारण एफ २४ सारखं. एफ २४ वर प्रकाश पसरून तपशील मऊ पडतो, त्यामुळे बंद करून किनार घालवण्याचा नेहमीचा उपाय इथे चालत नाही. उघड्या अॅपर्चरवरच लेन्स स्वच्छ असावी लागते, आणि लाओवा तशी आहे. पण हातात धरून दुप्पट आकारात फोटो काढू म्हणाल तर वारा तुम्हाला दिवसभर नाचवेल. पान कापून सावलीत आणा आणि ट्रायपॉड लावा.

फॉइग्टलेंडर ५० मिमी एफ २ अपो-लँथरचा उल्लेख थोडक्यात करतो. २०१९ ची, ३६४ ग्रॅम, खिशात मावेल अशी, रंगाच्या बाबतीत ६५ मिमीच्या तोडीस तोड. पण ४५ सेंटीमीटरच्या आत येत नाही, म्हणून बोंडाच्या जवळ जाता येत नाही. गावातली माणसं, बैलबाजार, पोळ्याचं तोरण यांसाठी उत्तम. लायका अपो-समिक्रॉन ५० मिमी २०१२ पासून या वर्गाचा मानदंड मानली जाते, पण तिच्या किमतीत आमच्याकडे चांगली बैलजोडी येते आणि वर पैसे उरतात. तो विचार मी केलाच नाही.

पाचवी लेन्स रात्रीसाठी, सॅमयांग १३५ मिमी एफ २. हिच्याही नावात अपो नाही, फोकस हातानं, आणि तरी आकाशाचे फोटो काढणारे हिला डोक्यावर घेतात. तारा म्हणजे काळ्यावर पांढरा ठिपका. लेन्सनं जरा रंग सांडला की त्याभोवती निळं-जांभळं वलय येतं. हिच्यात ते फार कमी येतं. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे विदर्भातल्या माणसाला अशा लेन्ससाठी हिमालयात जायची गरज उरलेली नाही. पण हिशोब ध्यानात ठेवा. ५०० ला लेन्सच्या मिमीनं भागलं की शटर साधारण किती सेकंद उघडं ठेवता येईल ते कळतं. ५०० भागिले १३५ म्हणजे चार सेकंदही नाहीत, त्यापुढे तारे लांबट होतात. ताऱ्यांमागे फिरणारा ट्रॅकर घेणार नसाल तर त्याच ठिकाणी ५० मिमी जास्त कामाची, तिला दहा सेकंद मिळतात. दिवसा दूरच्या वस्तूंसाठी १३५ घेणार असाल तर मे महिन्याच्या दुपारी ती पिशवीतच राहू द्या. तापलेल्या वावरावरून हवा थरथरते आणि कुठलीही अपो काच तिला सरळ करत नाही.

लग्नाचं काम करणाऱ्या पोरांना स्पष्ट सांगतो, हातानं फोकस करायची लेन्स मुख्य लेन्स म्हणून घेऊ नका. अक्षता पडतात तो क्षण परत येत नाही. मुंडावळ्यांच्या मोत्यांवर एलईडीचा झोत पडला की जांभळी किनार हमखास येते, हे मला मान्य आहे. पण फोकस चुकलेल्या नवरीपेक्षा किनार असलेला मोती बरा. दागिन्यांच्या जवळच्या फोटोंसाठी सिग्मा १०५ मात्र सोबत ठेवा. डोरल्याचं सोनं आणि काळे मणी तिच्यात जसेच्या तसे उतरतात.

दुकानात गेलात, मग ते सीताबर्डीत असो की अमरावतीत, सोबत एक वर्तमानपत्र न्या. टेबलावर तिरकं पसरा, लेन्स पूर्ण उघडा, मधल्या ओळीवर फोकस करून फोटो काढा आणि पडद्यावर पूर्ण मोठा करून पाहा. पुढच्या ओळींची अक्षरं जांभळट आणि मागच्यांची हिरवट दिसली तर ती लेन्स कापसालाही नीळ लावणार. सगळी अक्षरं काळी-राखाडी राहिली तर पैसे मोजायला हरकत नाही. लेन्स जुनी घेत असाल तर मागून मोबाइलची बॅटरी मारून आत बुरशीचे धागे दिसतात का तेवढं बघून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात कोठीच्या खोलीत पडून राहिलेल्या लेन्समध्ये ते वाढतात, आणि विकणारा आपणहून सांगत नाही.