चर बुजवायच्या आधी बघा

घोडबंदर रोडला आमचं बैठं घर आहे, मागे थोडं परसू. आईला दमा आहे, उकाड्यात तिची फार तगमग होते. म्हणून 'जमिनीतल्या गारव्यावर चालणारा एसी' ऐकल्यावर मी लगेच तयार झाले. खर्च ४ लाख ६० हजार. त्यातले साडेतीन लाख आगाऊ दिले, आईची ठेव मोडून.

कंत्राटदाराने दाखवलेले फोटो सगळे थंड देशांतले होते. तिथे ही पद्धत मुख्यतः घर उबदार ठेवायला वापरतात. बाहेर बर्फ असला तरी सहा फुटांखालची माती त्यामानाने उबदार राहते. तिथे पुरलेल्या पाइपांतलं पाणी ती ऊब घेतं आणि हीट पंप, म्हणजे कॉम्प्रेसरवर चालणारं यंत्र, ती वाढवून घरात सोडतो. आपल्याकडे हे उलटं चालवायचं, घरातली उष्णता जमिनीत सोडायची. पण काही फूट खालची माती त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळपास असते, म्हणजे ठाण्यात साधारण २७ अंश. नुसतं पाणी फिरवून खोली २२ अंशांवर येणारच नाही, कॉम्प्रेसर लागतोच. कंत्राटदार म्हणाला लागत नाही, आणि मी 'कसं काय?' एवढंही विचारलं नाही.

पण खरी लबाडी जमिनीखाली झाली. ठरलं होतं सहा फूट खोल चर आणि १,२०० फूट पाइप. अडीच फुटांवर काळा कातळ लागला. ब्रेकर न लावता त्यांनी तिथेच पाइप पसरला आणि मी कामावरून यायच्या आत चर बुजवून वर पेव्हर ब्लॉकही बसवले.

एप्रिलमध्ये परत येणारं पाणी ३४ अंशांचं होतं, टाकीतली पातळी रोज उतरत होती. आमच्या नेहमीच्या प्लंबरने उकरलं, तर शेतात वापरतात तसला साधा पाइप आणि सांध्यांना क्लिपा! जमिनीखालचे सांधे वितळवूनच जोडावे लागतात. सगळा पाइप काढून मोजला, जेमतेम ४०० फूट भरला.

तुम्ही असं काम काढणार असाल तर चर उघडा असतानाच टेप टाकून खोली मोजा. यासाठी लागणाऱ्या एचडीपीई (एक प्रकारचं टिकाऊ प्लास्टिक) पाइपच्या वेटोळ्यावर मीटरचे आकडे छापलेले असतात, पहिल्या आणि शेवटच्या आकड्याचा फोटो घ्या. पाइपात दाब भरून गेजचा (दाब मोजायच्या मीटरचा) काटा हलत नाही हे स्वतः उभं राहून बघा, मगच माती लोटू द्या. मोठा हप्ता त्यानंतर.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. कंत्राटदाराने लेखी उत्तर दिलंय की पाइप आम्हीच मागाहून बदलला. उघड्या चराचा एकही फोटो माझ्याकडे नाही.