50 मिलिमीटरची कार्बन चाकं: आठ महिन्यांनंतर

आठ महिने, सात शर्यती आणि जवळपास 5,000 किलोमीटर. आता माझ्या सायकलच्या या खोल रिमच्या (50 मिलिमीटर ही रिमची खोली) चाकांबद्दल मोकळेपणाने बोलता येईल.

फरक पडतो. ताशी 35 च्या पुढे सपाटीवर बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. माझ्या नेहमीच्या 20 किलोमीटरच्या टाइम ट्रायलला (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) पायांची ताकद 240 वॉट धरून जुन्या ॲल्युमिनियम चाकांपेक्षा साधारण 20 सेकंद कमी लागतात. एवढ्यात माझ्या गटातले दोन-तीन नंबर इकडचे तिकडे होतात.

‘दम पायात हवा, सायकलीत काय आहे’ असं म्हणणाऱ्यांना मी ब्रिटिश सायकलपटू क्रिस बोर्डमनची आठवण करून देतो. 1996 मध्ये हात पुढे ताणलेल्या पवित्र्यात, खास सायकलवर त्याने तासाभरात 56.375 किलोमीटर कापले. पुढे नियम बदलले. 2000 साली तोच माणूस जुन्या धाटणीच्या साध्या सायकलवर बसला आणि 49.441 वर थांबला. बेल्जियमच्या एडी मर्क्सच्या 1972 च्या तासाभराच्या विक्रमापेक्षा फक्त 10 मीटर जास्त! वय चार वर्षांनी वाढलं होतं हे खरं, पण सात किलोमीटर वयामुळे जात नाहीत.

मात्र त्यातलं बरंचसं श्रेय बसण्याच्या पद्धतीचं होतं, चाकांचं नव्हे. माझंही तेच झालं. हँडल खाली घेतलं आणि फडफडणारी जर्सी सोडून अंगाला चिकटणारा स्किनसूट घातला, तेव्हा चाकांहून जास्त सेकंद वाचले, तेही कितीतरी कमी पैशात. चढावर तर चाकांच्या वजनातली 300 ग्रॅमची बचत मला जाणवलीच नाही. घोळक्यात पुढच्याच्या आडोशाला असताना चाकं कुठली आहेत याने फार बिघडत नाही. शेवटच्या वळणाला तुम्ही कितव्या जागी आहात, त्यावर शर्यत ठरते.

आता त्रास. आडवा वारा आला की पुढचं चाक हातातून ओढलं जातं. ट्रकच्या आडून बाहेर पडताना एकदा सायकल हातभर बाजूला सरकली, छातीत धस्स झालं. दुसरं, पहिल्याच पंक्चरला खिशातली ट्यूब आखूड व्हॉल्व्हची निघाली. व्हॉल्व्हचं टोक रिमच्या बाहेरच येईना, पंप लावणार कुठे? शर्यत तिथेच संपली. लांब व्हॉल्व्हचीच ट्यूब जवळ ठेवा.

चाकं विकणार नाही. वारा जास्त असेल त्या दिवशी पुढे जुनं उथळ चाक आणि मागे हे खोल चाक लावतो, आणि अशी जोडी छान चालते.