पासिंगला गाडी ब्रेकवर नापास झाली आणि मला 11,400 रुपयांना गंडवलं

माझा छोटा हत्ती टेम्पो आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी भरायच्या आणि ट्रान्सपोर्टला पोचवायच्या, हा रोजचा धंदा. मालवाहू गाडीला आठ वर्षं उलटली की पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, दरवर्षी करावं लागतं. यंदा माझी गाडी ब्रेकवर नापास झाली.

मागची दोन्ही चाकं ब्रेक तपासायच्या मशीनच्या रोलरवर चढवून ब्रेक दाबायला लावला. उजव्या चाकाच्या ब्रेकच्या जोराचा आकडा आला 160, डाव्याचा 90. "दोन्ही बाजूत फरक फार आहे, काम करून आणा," असं सांगून स्लिप हातात दिली. मी ती घडी घालून खिशात टाकली आणि गॅरेजवाल्याला दाखवलीच नाही.

त्यानं दोनदा पेडल दाबून बघितलं. चाकाला हातही लावला नाही. "मालक, मास्टर सिलेंडर गेलाय, बूस्टरपण कमजोर झालाय. लायनर तर टाकायलाच लागतील." मास्टर सिलेंडर म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा पंप, बूस्टर पायाचा जोर वाढवतो आणि लायनर ड्रमला आतून घासून चाक थांबवतात. पासिंग अडलेलं, गाडी उभी, हप्ता डोक्यावर. मी हो म्हणालो. संध्याकाळी 11,400 घेतले. जुना माल मागितला तर कोपऱ्यातल्या ढिगातून एक गंजका सिलेंडर काढून दिला. पावती साध्या कागदावर, ना नंबर ना शिक्का.

परत रोलरवर गेलो. उजवा 165, डावा 95. पुन्हा नापास. पुन्हा फी, पुन्हा खाडे.

माझे दाजी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांनी आधी स्लिप मागितली. म्हणाले, "अरे, या गाडीत मागच्या ब्रेकचं ऑइल एकाच पाइपातून येतं आणि अॅक्सलवर त्याला दोन फाटे फुटतात. मास्टर गेला असता तर दोन्ही चाकं सारखीच ढिली पडली असती. बूस्टर गेला की पेडल दगडासारखं लागतं. इथं एकच चाक कमी धरतंय, मग दोष त्या चाकातच शोधायचा की नाही?"

डाव्या चाकाचा ड्रम काढला. लायनर काळं, चकचकीत आणि ओलं. लायनर ड्रमवर दाबणारा चाकातला छोटा सिलेंडर म्हणजे व्हील सिलेंडर; दाजींनी त्याचं रबर नखानं जरा मागे सारलं, तर आतून ब्रेक ऑइल ओघळून त्यांच्या बोटावर आलं. महिन्यात दोनदा मास्टरवरच्या बाटलीत ऑइल भरावं लागत होतं, ते इथं मुरत होतं. "नवीन" लायनरवर पॉलिश पेपरच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. जुनंच घासून बसवलेलं. एकदा ऑइल प्यायलेलं लायनर घासून काही होत नाही, गरम झालं की ऑइल परत वर येतं.

मग मास्टर सिलेंडर बघितला. बाहेरून चांदीसारखा चमकत होता, पण बाटलीच्या बुडाशी ऑइल लागून रंग फुगला होता. अंगठा फिरवला तर रंगाचा पापुद्रा हाताला आला आणि खाली माझाच जुना सिलेंडर निघाला. हीच गाडी भरून मी तुळजापूरचा घाट उतरत होतो, हे आठवलं की आजही छातीत धस्स होतं. पैसे गेल्यापेक्षा त्याचा राग जास्त आहे.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणाला, "काम दिलंय, गॅरंटी बोललो नव्हतो." पक्कं बिल नसल्यानं माझ्या हातात दाखवायला काही नव्हतं.

तेव्हा भावांनो, ब्रेकवर गाडी नापास झाली तर स्लिपवर डाव्या-उजव्याचे आकडे आधी बघा. कमी आकड्याचं चाक तुमच्या समोर खोलायला लावा. पुढे डिस्क असेल तर कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन आणि पिना अडकल्यात का, मागे ड्रम असेल तर सिलेंडर गळतोय का आणि लायनर-ड्रममधलं अंतर जुळवणारा अॅडजस्टर जाम आहे का, हे बघितल्याशिवाय मास्टरचं नाव काढू देऊ नका. लायनर टाकायचं तर दोन्ही बाजूंचं एकदम. नव्या पार्टचा डबा घरी आणा, काम सुरू व्हायच्या आधीच पक्क्या बिलाचं बोला.

दाजींनी डावा व्हील सिलेंडर, दोन्ही बाजूंचे लायनर आणि ऑइल बदलून ब्लीडिंग केलं, म्हणजे पाइपातली हवा काढली. सगळं मिळून सामान 2,350 चं. तिसऱ्या वेळी उजवा 165, डावा 155, गाडी पास. मास्टर सिलेंडर दाजींनी खोलून बघितला, आतले वॉशर चांगले होते. तो तसाच परत बसवलाय.