टक् न करणारा डबा: 7,500 रुपये गेले आणि बाबांचा स्पीकर जळाला

लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. स्पीकर वाचवायचा डबा म्हणून नकली डबे विकणाऱ्या त्या माणसाचे व्हिडिओ अजून फिरताहेत आणि तो आमच्याच दारव्हा-दिग्रस पट्ट्यात गिऱ्हाईक शोधतोय.

बाबांनी 1984 साली कापसाच्या चुकाऱ्यातून नागपूरहून सोनोडाइनचे स्पीकर आणले होते. कागदी कोन, 8 ओम, 30 वॅट. जुना अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) बंद पडल्यावर भाच्याने त्याचा वापरलेला 100 वॅटचा दिला. 30 वॅटच्या स्पीकरला 100 वॅट, म्हणून मी घाबरलो. याच भीतीवर त्याचा धंदा चालतो. खरं तर मोठा अ‍ॅम्प बेताने वाजवला तर बिघडत नाही. छोटा अ‍ॅम्प पूर्ण पिळला, आवाज फाटायला लागला, की ट्विटरची (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची) कॉइल आधी जाते. हे मला आज कळतं.

तो घरी आला, चहा प्याला, बाबांच्या पाया पडला. 'ओव्हरलोड प्रोटेक्टर'चे दोन डबे, प्रत्येकी 3,400, म्हणजे 6,800. फिटिंगचे 700. यातले 2,000 आधी फोनवरून पाठवले होते, 5,500 हातात दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो ना भाऊ." आजवर आलं नाही. बिलाशिवाय पैसे देऊ नका, समोरचा बाबांच्या पाया पडला तरी.

आता ती घडी, जी रात्री झोपू देत नाही. त्याने बटण दाबलं. लाल दिवा लागला, चार सेकंदांनी हिरवा झाला. पण टक् आवाज आला नाही. प्रोटेक्शनमध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच असतो, अ‍ॅम्प सुरू केल्यावर थोडं थांबून तो स्पीकर जोडतो, तेव्हा टक् वाजतं. भाच्याच्या पहिल्या अ‍ॅम्पमध्ये मी ते शंभरदा ऐकलं होतं. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, "भाऊ, हे सॉलिड स्टेट हाये, याच्यात आवाज येतच नाही." सॉलिड स्टेट, म्हणजे हलणारा भाग नसलेले रिले खरोखरच असतात आणि त्यांचा आवाज होत नाही, म्हणून मी गप्प बसलो. मी अडाणी नाही, आयटीआय केलंय. पण डबा हातात घेतला तेव्हा तो काडेपेटीसारखा हलका लागला होता, आणि आत काळं रसायन ओतून सगळं बुजवलेलं होतं. "कंपनीचं सिक्रेट." तिथेच उठायला हवं होतं मी.

पोळ्याच्या संध्याकाळी लाइन गेली आणि झटक्यात आली. अ‍ॅम्पचा एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला. डाव्या वूफरचा (जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरचा) कोन एकदम बाहेर आला आणि तिथेच अडकला, मग जळका वास. नंतर मोजलं: 38 व्होल्टचा सरळ डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेचा दाब, कॉइलवर गेला होता. 8 ओमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रोध जेमतेम 6 ओम भरतो. म्हणजे 6 अ‍ॅम्पिअरच्या वर करंट, 240 वॅटची शेगडीच पेटली आत. खरं प्रोटेक्शन असतं तर डीसी दिसताच रिलेने तार तोडली असती. 2 अ‍ॅम्पिअरचा फास्ट फ्यूज स्पीकरच्या तारेत असता, तरी तो आधी उडाला असता.

पेचकसाने ते रसायन खरवडलं. दिव्यांचं टायमर सर्किट होतं. स्पीकरची तार एका बाजूने आत आली होती आणि सरळ दुसऱ्या बाजूने बाहेर गेली होती. बस.

वूफर रिवाइंडिंग 1,600, अ‍ॅम्प दुरुस्ती 1,250. डब्यांसकट एकूण 10,350.

पोलिसांकडे गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी, "काका, हे दिवाणी आहे." तिसऱ्या दिवशी फोनवरून पैसे पाठवलेत म्हणून सायबरवाल्यांकडे धाडलं. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवले, माल तुम्हाला मिळाला, आमच्यात बसत नाही. परत ठाण्यात. जळालेली कॉइल टेबलावर ठेवली तर एक जण म्हणाला, "भाऊ, जुनं सामान होतं, जळणारच." बाबांनी कापूस विकून घेतलेलं सामान! एसटीने चार खेपा, चार दिवसांचं काम बुडालं, आणि तक्रारीची साधी पोच नाही. तुम्ही गेलात तर अर्ज दोन प्रतींत न्या आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे फी नाही, मुदत 2 वर्षं. नागपूरच्या एका जुन्या मेकॅनिकने स्पीकर वाचवणाऱ्या 1237 नंबरच्या आयसीचं, रिले असलेलं कार्ड 450 रुपयांत बसवून दिलं. उघडून दाखवलं, मग झाकण लावलं.

परवा दिग्रसहून एकाचा फोन आला. त्याला तोच डबा 3,900 ला सांगितलाय. त्याला म्हटलं, पैसे काढण्याआधी झाकण उघडायला लाव, आत रिले दिसला पाहिजे, मग बटण दाबून टक् ऐक.