गाडी झकास, पण हेडरेस्टचं लॉक तपासूनच घ्या

मायलेज, डिक्की, एसी यांवर सगळ्यांनी भरपूर लिहिलंय आणि ते खरं आहे. खंबाटकी चढताना इंजिन दमत नाही, हे माझ्याकडून. बाकी सगळं हेडरेस्टबद्दल.

पहिले काही महिने राग होता तो त्याच्या पुढे झुकलेल्या आकाराचा. कराडला जाऊन आलं की मान आखडायची. अशा वेळी बरेच जण हेडरेस्ट काढून उलटं बसवतात. तसं करू नका. मागून धडक बसली की सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं मात्र जागीच राहतं आणि मान ओढली जाते. म्हणून डोक्यामागचं अंतर दहा सेंटिमीटरच्या आत हवं आणि हेडरेस्टची वरची कड माथ्याला यायला हवी. मी सीटची पाठ किंचित मागे कलवली, दुखणं थांबलं. आता तोच आकार मला या गाडीतलं सगळ्यात विचारानं केलेलं काम वाटतो.

म्हणूनच पुढचा प्रकार जास्त लागला. आनेवाडी टोलच्या रांगेत मागच्या टेम्पोचा हलका धक्का बसला. बंपरला ओरखडा, बस. पण बायको म्हणाली, "अहो, तुमचं हेडरेस्ट खाली गेलंय." शोरूमनंच बसवलेल्या सीट कव्हरखाली लॉकचं बटण कायम दाबलेलं होतं आणि हेडरेस्टचा दांडा धरून ठेवणारी आतली प्लास्टिकची स्लीव्ह (नळी) फुटलेली. खाली गेलेल्या हेडरेस्टवरून डोकं मागे कलंडतं, म्हणजे धोका उलट वाढतो.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: स्लीव्ह सुटी मिळत नाही, सीटची अख्खी पाठ बदला, वॉरंटीत बसत नाही. वर, "साहेब, उशीच तर आहे." उशी? अमेरिकेत पुढच्या सीटला ही १९६९ पासून सक्तीची आहे. साब आणि व्होल्व्हो या स्वीडिश कार कंपन्यांनी धडकेत मान सांभाळणाऱ्या खास सीटा १९९७-९८ मध्येच आणल्या. एवढ्याशा प्लास्टिकसाठी हजारो रुपये मी देणार नव्हतो. एमआयडीसीतल्या फिटरनं जुन्या गाडीची स्लीव्ह दीडशे रुपयांत बसवली आणि बटणापाशी कव्हर कापून दिलं. तेव्हापासून जागचं हलत नाही.

मागच्या सीटवर मात्र इलाज नाही. तिथली हेडरेस्ट ठेंगणी, पाठीतच जोडलेली, वर होत नाहीत. आप्पा उंच, त्यांचं डोकं पूर्ण वर राहतं. त्यामुळे आप्पा पुढे, आई मागे. मधल्या जागेला हेडरेस्टच नाही, तिथे आम्ही कुणालाच बसवत नाही. वरच्या मॉडेलला मागेही वर-खाली होणारी मिळतात. मानेची काळजी मॉडेलप्रमाणे बदलते, हे मला पटत नाही.

डिलिव्हरी घेताना, कव्हर घातल्यावर, बटणाला हात न लावता हेडरेस्ट दोन्ही तळव्यांनी खाली दाबा. हललं तर गाडी ताब्यात घेऊ नका.