आयनॅप्सची पीअर कार्यकर्त्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे: परीक्षण

मानसिक आजारातून स्वतः गेलेली आणि सावरलेली व्यक्ती दुसऱ्या रुग्णाच्या सोबतीला रीतसर नेमली जाते, तेव्हा तिने कसे वागावे हे सांगणारी तत्त्वे अमेरिकेतील आयनॅप्स या अशाच सोबत्यांच्या, म्हणजे पीअर कार्यकर्त्यांच्या, संघटनेने 2013 मध्ये तयार केली. ती विनामूल्य मिळतात. असे कार्यकर्ते घडवू पाहणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांनी ती जरूर वाचावीत, पण जशीच्या तशी उचलू नयेत.

मांडणी सुटसुटीत आहे. एकूण 12 मूल्ये असून प्रत्येकाखाली आधी नैतिक भूमिका आणि मग रोजच्या कामात ती कशी पाळायची, हे दिले आहे. पहिलेच मूल्य ऐच्छिकतेचे आहे. सोबत घ्यायची की थांबवायची हा समोरच्याचा हक्क मानला आहे आणि उपचारांत कुठे जबरदस्ती दिसली, तर त्या व्यक्तीच्या निवडीची बाजू मांडणे हेही कार्यकर्त्याचेच काम ठरवले आहे. समोरच्याला स्वतःला जे जमते ते त्याच्यासाठी करून टाकू नये, ही सूचना तर आपल्याकडच्या मायाळू स्वयंसेवकांनी दोनदा वाचावी.

अडचण सुरू होते ती वॉर्डात. रुग्ण इंजेक्शन नको म्हणतो, तेव्हा सिस्टर कार्यकर्त्याला सहज म्हणतात, “तुमचं ऐकतो तो, इंजेक्शनचं तुम्हीच बघा ना जरा.” यात दुष्टावा नसतो, घाई असते, पण विश्वासावर उभे राहिलेले नाते त्या क्षणी दबावाचे साधन होते. अशा वेळी नकार द्यावा हे तत्त्वांवरून स्पष्ट होते. मात्र तो नकार देणारी व्यक्ती वॉर्डातील सर्वांत कमी अधिकाराची, अनेकदा मानधनावर काम करणारी असते आणि तिच्या पाठीशी कोणी उभे राहायचे, याचे उत्तर मूळ तत्त्वांत सापडत नाही, कारण ती कार्यकर्त्यालाच उद्देशून लिहिलेली आहेत. 2019 च्या आवृत्तीत पर्यवेक्षकाची जबाबदारीही मांडल्यामुळे ही उणीव थोडी भरून निघते; तरी नेमणूक करणाऱ्या संस्थेवर त्यातले काहीच बंधनकारक नाही.

भारतात ही पोकळी अधिक मोठी आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मधील मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत पीअर कार्यकर्ता नाही. कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते, परंतु माहिती गुप्त ठेवण्याचे कर्तव्य त्यात आरोग्य व्यावसायिकांच्या नावे लिहिले आहे. मग चहा पिताना रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट केस पेपरवर चढवायची की नाही, हे कार्यकर्त्याने कोणाला विचारायचे?

म्हणून या तत्त्वांचे भाषांतर करून वाटण्याआधी संस्थांनी नेमणूकपत्राचा मसुदा करावा. त्यात मानधनाचा आकडा, पर्यवेक्षकाचे नाव, नोंदी कोण वाचणार याचा खुलासा आणि कार्यकर्त्याची स्वतःची तब्येत ढासळली तर नोकरी न जाता मिळणारी रजा, एवढे तरी लेखी असावे.