ट्रान्झिट साइट की ठरवून दिलेला मुक्काम?

इंग्लंडमध्ये जिप्सी आणि ट्रॅव्हलर या फिरस्त्या कुटुंबांसाठी साइट, म्हणजे उतरायची जागा, पुरवण्याची काउन्सिलवरची (स्थानिक प्रशासनावरची) १९६८ च्या कायद्याची सक्ती १९९४ च्या कायद्याने काढून टाकली. ट्रेलर, म्हणजे त्यांची गाडीमागे ओढायची घरं, यायचे ते येतातच. जागा नसली की क्रिकेटच्या मैदानावर उतरतात. वाटेतल्या मुक्कामाची सोय करायला निघालेल्या काउन्सिलपुढे साधारण दोन पर्याय असतात: पक्की बांधलेली ट्रान्झिट साइट, किंवा लीड्समध्ये रुळलेली ‘निगोशिएटेड स्टॉपिंग’, म्हणजे बोलणी करून ठरावीक दिवसांसाठी दिलेली जागा.

सोयींच्या बाबतीत ट्रान्झिट साइट उजवी, यात वाद नाही. पक्की जमीन, वीज, नळ, संडास-न्हाणीघर. दोन ट्रेलरमध्ये ६ मीटर अंतर, ३.७ मीटरचा रस्ता, कुठूनही ३० मीटरच्या आत आग विझवायची सोय. एक गोष्ट मात्र आराखडा करणारे हमखास विसरतात. बऱ्याच कुटुंबांत सोवळंओवळं कडक असतं, संडासाचं दार स्वयंपाकाच्या जागेत उघडलेलं चालत नाही.

पोलिसांना आणि नगरसेवकांना ही साइट आवडते ती १९९४ च्याच कायद्यातल्या कलम ६२ए मुळे. काउन्सिलच्या हद्दीत योग्य पिच (साइटवरची एका कुटुंबापुरती जागा) रिकामी असेल, तर बेकायदा उतरलेल्यांना उठवणं सोपं जातं. कुटुंबांनाही हे ठाऊक असतं, त्यामुळे फाटकातून आत येतानाच मनात अढी असते.

पण पारडं फिरतं ते साइट तुंबण्यामुळे. ट्रान्झिट पिच जास्तीत जास्त ३ महिन्यांची. मुदत संपल्यावर जायचं कुठे? आसपास कायमची पिच नसते, पोरगं नुकतंच शाळेत रुळलेलं असतं, आजीच्या ऑपरेशनची तारीख लागलेली असते. मॅनेजर माणुसकीने मुदत वाढवतो, मग पुन्हा वाढवतो. बघता बघता ती कायमची वस्ती होते, सोयी मात्र मुक्कामापुरत्याच. रिकामी पिच उरली नाही की कलम ६२ए सुद्धा निकामी. याच्या उलटही घडतं: पहिल्या पिचवर आलेल्या घराण्याशी इतरांचं पटत नाही आणि बाकीच्या पिच महिनोन्‌महिने ओस पडतात. कागदावर ‘उपलब्ध’, बाहेर रस्त्याकडेला ट्रेलर.

ठरवून दिलेल्या मुक्कामात बांधकाम जवळपास नसतंच. ट्रेलर आल्यावर एक-दोन दिवसांत अधिकाऱ्याने जावं, सोबत त्या लोकांचा विश्वासू माणूस असला तर उत्तम. किती ट्रेलर, कशासाठी आले, कधी निघणार, एवढं विचारावं. जागा सपाट, कडक, वाहत्या रस्त्यापासून दूर आणि ट्रेलर ओढणारी गाडी वळेल इतकी ऐसपैस हवी. फिरते संडास आणि पाणी पहिल्याच दिवशी पोचलं पाहिजे. कागदावर निघायची तारीख, ट्रेलरची संख्या, कुत्री बांधून ठेवणं आणि धंद्याचा कचरा न टाकणं, इतकं पुरतं. कचऱ्यासाठी उघडा स्किप (मोठा लोखंडी डबा) ठेवला की पहिल्याच रात्री गावातले लोक त्यात आपले जुने सोफे आणून टाकतात आणि बोल लागतो ट्रॅव्हलरना. त्यापेक्षा पिशव्या देऊन आठवड्यातून दोनदा उचललेल्या बऱ्या. हिवाळ्यात गवताळ जागा देऊ नये. गाड्या चिखलात रुततात आणि ठरलेली तारीख हुकते. शेजाऱ्यांच्या दारी तारीख आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी गेली की तक्रारी कमी येतात.

उणिवाही आहेत. काउन्सिलला पुढच्या पाच वर्षांच्या पिचपुरवठ्याचा जो हिशेब दाखवावा लागतो त्यात हे मुक्काम धरता येत नाहीत, आणि कलम ६२ए चा आधारही देत नाहीत. तीच जागा पुन्हा पुन्हा द्यायची तर नियोजन विभागाला आधी विचारलेलं बरं. शिवाय सगळा डोलारा एका अधिकाऱ्याच्या ओळखींवर उभा असतो. त्याची बदली झाली की पुन्हा उठवण्याच्या नोटिसा सुरू.

तरीही, मर्यादित पैशात निवडायचंच असेल तर आधी चार-सहा पिचच्या लहान कायम साइट कराव्यात आणि वाटसरूंसाठी ठरवून दिलेले मुक्काम ठेवावेत, असं वाटतं. उत्तर इंग्लंडमधल्या ॲपलबीला जूनमध्ये घोडेबाजार भरतो आणि तिथे ही कुटुंबं मोठ्या संख्येने जातात; त्या वाटेवर तुमचा जिल्हा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ट्रान्झिट साइटला तोडीचा पर्याय कदाचित नसेलही. बांधलीच तर एका मोठ्या फाटकाऐवजी दोन लहान भाग करा, प्रत्येकाला वेगळं दार आणि वेगळं न्हाणीघर.